तोतया, खूण आणि भीड

आमचे एक वृद्ध स्नेही आहेत. तीस-पस्तीस वर्षें त्यांनीं एका महाविद्यालयांत संस्कृत शिकविलें, आणि ते निवृत्त झाल्यावरही विद्यार्थ्यांचा त्यांच्या घरचा राबता चालूच राहिला. जे परगांवीं गेले ते मोबाइलवर निरोप धाडून गुरुजींचा समाचार घेत. गेल्या पावसाळ्यांत एके रात्रीं त्यांस अशाच एका जुन्या विद्यार्थ्याच्या नांवानें निरोप आला कीं, ‘सर, माझा सहा आंकडी क्रमांक चुकून तुमच्या मोबाइलवर आला आहे, तेवढा कळवाल का?’ तसा क्रमांक खरोखरच आलेला होता. गुरुजींनीं तो तत्काळ कळविला. त्याच क्षणीं त्यांचें खातें त्यांच्या हातांतून गेलें, आणि अर्ध्या तासाच्या आंत त्यांच्या नांवानें, त्यांच्याच छायाचित्रासह, शंभर-दीडशें माणसांस निरोप गेला: ‘इस्पितळांत आहें. वीस हजार रुपयांची तातडीची गरज आहे. उद्यां सकाळीं परत करतों. फोन करूं नये, बोलतां येत नाहीं.’

तो निरोप आम्हांसही आला. गुरुजी ‘सप्रेम नमस्कार’ लिहिल्यावांचून दोन ओळीही कोणास पाठवावयाचे नाहींत, हें आम्हांस ठाऊक होतें. त्यामुळें शंका आली. परंतु ‘हें आपणच लिहिलें आहे ना?’ असें त्यांस विचारणें अप्रशस्त वाटलें, आणि रात्रीं दहा वाजतां त्यांच्या घरीं फोन करणें तर त्याहूनही अप्रशस्त. आम्हीं पैसे पाठविले नाहींत आणि विचारलेंही नाहीं. आपण फसलों नाहीं एवढ्या समाधानांत झोंपी गेलों. त्याच रात्रीं तालुक्याच्या गांवीं शिक्षक असलेल्या त्यांच्या एका विद्यार्थ्यानें शेजाऱ्याकडून उसने घेऊन वीस हजार रुपये पाठविले होते. पुढें गुरुजी ते भरून देऊं लागले, तेव्हां तो घेईना. ‘तुमच्या नांवानें मागितले म्हणून दिले, ते वायां गेले असें मी मानीत नाहीं,’ असें तो म्हणाला. या उत्तरानें गुरुजींस समाधान तर झालें नाहींच, उलट त्यांनीं तें खातेंच कायमचें बंद केलें. आतां त्यांस सणासुदीलाही कोणाचा निरोप येत नाहीं.

या प्रसंगाची आम्हांस जी टोंचणी लागली, तींतून प्रस्तुत लेख उद्भवला आहे. लोक म्हणतात, हीं सारीं नव्या यंत्रांचीं पापें. आमचा विषय इतिहास असल्यामुळें आम्ही मागें वळून पाहूं लागलों, तेव्हां असें दिसलें कीं, यंत्र नवें असलें तरी विद्या जुनीच आहे. मराठींत तर ती विद्या करणाऱ्यास स्वतंत्र शब्दच आहे, आणि तो प्रत्येक मराठी घरांत ठाऊक आहे: तोतया.

पानपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजीं झाली, आणि सदाशिवरावभाऊ तींत पडले. शुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेल्या काशीराज पंडितानें, भाऊंचा देह रणांत शोधून ओळखण्यांत आला व त्यास अग्नि देण्यांत आला, असें लिहून ठेविलें आहे. परंतु पुणें तेथून शेंकडों कोस दूर. आणि ज्या घरांतलीं माणसें परत आलीं नाहींत, त्या घरांस पुराव्यापेक्षां माणूस हवा होता. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनीं तर पतीच्या मृत्यूवर विश्वासच ठेविला नाहीं आणि वैधव्याचीं चिन्हें धारण केलीं नाहींत. अशा वेळीं उत्तरेकडे एक कनोजी ब्राह्मण भाऊसाहेब म्हणून प्रकट झाला. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत तो पकडला गेला, त्याची चौकशी झाली, तो तोतया ठरला आणि किल्ल्यांवर कैदेंत राहिला. गोष्ट येथें संपावयास हवी होती. पण ती संपली नाहीं.

माधवराव १७७२ सालीं वारले, नारायणरावांचा १७७३ सालीं खून झाला, आणि सवाई माधवराव पाळण्यांत असतांना कारभाऱ्यांनीं राज्य चालविलें. राघोबादादा इंग्रजांकडे गेलेले. कोणाचा हुकूम खरा याविषयींच लोकांच्या मनांत संभ्रम. हा समय साधून १७७६ सालीं रत्नागिरीच्या सुभेदारानें, रामचंद्र नाईक परांजपे यानें, कैदेंतील तोतयास बाहेर काढून भाऊसाहेब म्हणून उभें केलें. कोंकणांतले किल्ल्यांमागून किल्ले त्यास मिळाले, हजारों माणसें भोंवतीं जमलीं, आणि प्रकरण घाटापर्यंत येऊन भिडलें. अखेरीस महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनीं त्याचा मोड केला; पळून जातांना तो रघूजी आंग्र्यांच्या हातीं लागला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यांत त्यास देहान्ताची शिक्षा झाली. न. चिं. केळकरांच्या नाटकामुळें ‘तोतयाचें बंड’ हे शब्द पुढें घरोघर पोंचले.

आतां विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, हा मनुष्य एकदां तोतया ठरलेला असतांना दहा वर्षांनीं पुन्हां भाऊसाहेब झाला कसा? भाऊंच्या नांवाची त्यानें केलेली चोरी तर उघडकीस आलेली होती. पण त्या नांवाची गरज संपलेली नव्हती. कोणास परत आलेला कर्ता पुरुष हवा होता, कोणास कारभाऱ्यांवर सूड हवा होता, कोणास नुसती अंगावर आलेली बाजू सांभाळावयाची होती. तोतया स्वतःच्या बळावर उभा राहत नाहीं. आपल्या मनांत जी जागा रिकामी असते तींत तो येऊन बसतो. ती जागा प्रेमाची असेल, भीतीची असेल, लोभाची असेल. गुरुजींच्या विद्यार्थ्याच्या मनांत ती कृतज्ञतेची होती.

ही झाली आपल्याकडील गोष्ट. शंभर वर्षांनीं इंग्लंडांत याच जातीचें दुसरें प्रकरण घडलें, आणि त्यांत आजच्या काळाला अधिक जवळचा असा एक धडा आहे. टिचबोर्न नांवाच्या श्रीमंत घराण्याचा वारस रॉजर हा १८५४ सालीं दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याहून जहाजानें निघाला आणि जहाजासह नाहींसा झाला. आईचा जीव मानीना. तिनें वर्तमानपत्रांतून जाहिराती दिल्या. ऑस्ट्रेलियांतल्या पत्रांतही दिल्या. मुलगा कोण, कसा दिसे, कोणत्या जहाजांतून निघाला, हें त्यांत छापलें आणि बक्षीसही कबूल केलें. तेव्हां ऑस्ट्रेलियांतील वागा वागा या गांवचा एक खाटीक ‘तो मीच’ म्हणून पुढें आला. त्या घराण्याचा एक जुना नोकर सिडनीस राहत होता, त्याची गांठ पडली. घरच्या आणखी चार गोष्टी कळल्या. पुढें पॅरिसमध्यें आईनें त्यास पाहिलें आणि आपला मुलगा म्हणून पदराखालीं घेतलें. खरा रॉजर फ्रान्समध्यें लहानाचा मोठा झालेला, आणि या गृहस्थास फ्रेंच येत नव्हतें! तरीही आईचा विश्वास ढळला नाहीं. ती १८६८ सालीं वारली. त्यानंतर कज्जे कित्येक वर्षें चालले, आणि १८७४ सालीं तो आर्थर ऑर्टन नांवाचा मनुष्य ठरून त्यास चौदा वर्षांची सक्तमजुरी झाली.

त्या माउलीस दोष देण्यास आमचें मन धजत नाहीं. परंतु तिच्या जाहिरातींचा परिणाम काय झाला हें पाहावें. मुलास शोधण्यासाठीं तिनें ज्या खुणा जगापुढें ठेविल्या, त्यांच खुणा मुलगा बनूं इच्छिणाऱ्यास शिकवणी ठरल्या. ज्याला खूण विचारावयाची त्यालाच ती आधीं सांगितली, तर परीक्षा कसली घेणार?

तिला निदान पुत्रवियोगाचें दुःख होतें. आपण मात्र कोणी न विचारतां रोज अशा जाहिराती देत असतों. फेसबुकावर जन्मदिवस आहे, शाळेचें नांव आहे. बहीण कोण, मेहुणा कोण, मुलगी कोणत्या देशीं शिकते, सहकुटुंब कोणत्या दिवशीं कोठें गेलों होतों, घरच्या कुत्र्याचें नांव काय, सारें आहे. मित्रांची यादीही उघडी आहे. अशा माहितीवर दुसऱ्याचें खातें हुबेहूब उभें करावयास एक घटका पुरते. छायाचित्र उतरून घ्यावें, त्याच नांवाचें नवें खातें काढावें, त्याच यादींतील माणसांस ‘जुनें खातें बंद पडलें, हें नवें’ म्हणून कळवावें, आणि दोन दिवसांनीं अडचण सांगावी. कुलूप फोडण्याचें कारणच पडत नाहीं. घराशेजारीं तसेंच दुसरें घर बांधलें कीं काम झालें. मित्रांची यादी झांकून ठेवणें आणि जन्मदिवसाचें वर्ष जगजाहीर न करणें, एवढ्यानेंही अशा घरबांधणीचें निम्में सामान कमी होतें.

येथें कोणी विचारील कीं, पूर्वींच्या लोकांनीं या संकटावर कांहीं तोड काढली होती कीं नाहीं? ती त्यांनीं काढली होती, आणि आम्हांस ती मोठी शहाणपणाची वाटते. शिवकालीन व पेशवेकालीन कागद ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस ठाऊक असेल कीं, पत्राच्या माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपतांच खालीं लहानशी दुसरी मुद्रा असे. या दुसरीस मर्यादेची मुद्रा म्हणत. कांहींवर ‘मर्यादेयं विराजते’ अशीं अक्षरेंच असत. तिचें प्रयोजन इतकेंच कीं, धन्याचें बोलणें येथें संपलें. याखालीं कोणी चार ओळी वाढविल्या तर त्या धन्याच्या नव्हेत. पत्र खरें आहे एवढ्यावर आपले पूर्वज थांबत नसत. तें किती खरें आहे हेंही ते आंखून देत.

सावकारांची रीत याहून बोधप्रद आहे. दूरच्या गांवीं रोकड नेण्याऐवजीं हुंडी नेत. ती कागदाची एक चिठ्ठी. वाटेंत हरवेल, चोरीस जाईल, कोणी बनावट लिहील. तेव्हां हुंडी लिहिणारा सावकार ती ज्याच्या हातीं दिली त्याच्यावरच विसंबून राहत नसे. ज्या पेढीवर हुंडी लिहिली तिला निराळ्या पत्रानें, निराळ्या हातीं तसा समाचार लिही. शाहाजोग हुंडीचे पैसे वाटेल त्या आगंतुकाच्या हातीं पडत नसत. ज्याची बाजारांत पत आहे अशा शाहाच्या मार्फतच ते मिळत. मूळ हुंडी गहाळ झाली तर पेठ, तीही गेली तर परपेठ अशी दुसरी-तिसरी प्रत लिहून देत, आणि पेढी सर्वांचा मेळ घालून एकदांच पैसे देई. या साऱ्या खटाटोपांत एक सूत्र आहे: ज्या वाटेनें मागणी आली त्या वाटेनेंच तिची खूण पटवावयाची नाहीं, खूण दुसऱ्या वाटेनें पटवावयाची. पैसे मागणाऱ्याचा अपमान व्हावा म्हणून ही रीत कोणी घातली नव्हती. ती सर्वांस सारखी होती, म्हणून तिचा कोणास रागही येत नसे.

आजच्या खात्याची मुद्रा म्हणजे परवलीचा शब्द आणि तो सहा आंकडी क्रमांक. तो क्रमांक येतो तोच मुळीं ‘हें खातें दुसऱ्या यंत्रावर उघडावयाचें काय?’ या प्रश्नाची किल्ली म्हणून. तो आपल्या मोबाइलवर आला म्हणजे तो आपला; दुसऱ्याचा ‘चुकून’ आपल्याकडे येत नाहीं. गुरुजींनीं तो सांगितला तेव्हां त्यांनीं आपला शिक्का परक्याच्या हातीं दिला. आणि ज्या विद्यार्थ्याच्या नांवानें तो मागितला गेला होता, त्याचेंही खातें आदल्या दिवशीं असेंच गेलेलें होतें! एकाची पत चोरून दुसऱ्याची चोरावयाची आणि दुसऱ्याची चोरून तिसऱ्यास लुबाडावयाचें, अशी ही सांखळी चालते. मराठींत पत या शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक बाजारांतला आणि एक अब्रूचा. या चोरीस दोन्ही अर्थ लागू पडतात.

हें केवळ भोळ्या वृद्धांसच घडतें असा समज असेल तर तो काढून टाकावा. तारीख १५ जुलै २०२० रोजीं ट्विटर या जगप्रसिद्ध समाजमाध्यमावर बराक ओबामा, ज्यो बायडेन, बिल गेट्स, इलॉन मस्क अशांच्या खऱ्याखुऱ्या खात्यांवरून अकस्मात् निरोप झळकूं लागले कीं, अमक्या ठिकाणीं बिटकॉइन पाठवा, आम्ही दुप्पट करून परत पाठवूं. संधि थोड्याच वेळापुरती आहे. सुमारें १३० खात्यांवर चोरट्यांनीं हात टाकला होता, आणि थोडक्या तासांत लोकांचे एक लाख डॉलरांहून अधिक गेले. हें साधलें कसें? महासाथीमुळें कंपनीचे नोकर घरून काम करीत होते. चोरट्यांनीं त्यांस फोन करून ‘आम्ही कंपनीच्याच मदत विभागांतून बोलतों’ असें भासविलें, एका खोट्या पानावर नेलें, आणि तेथें त्यांच्याकडूनच परवलीचे शब्द टाइप करवून घेतले. या कटाचा मुख्य सूत्रधार फ्लोरिडांतील सतरा वर्षांचा मुलगा निघाला. ज्यांचा धंदाच खातीं राखण्याचा, त्यांचेही पहारेकरी ‘मी तुमचाच’ या दोन शब्दांनीं दार उघडते झाले. तेव्हां फसलेल्या माणसास मूर्ख म्हणण्याची संवय आपण सोडली पाहिजे.

या प्रकारांचीं रूपें अनेक दिसत असलीं तरी घडण एकच आहे. इन्स्टाग्रामवर चित्रें वा पदार्थ विकणाऱ्या एखाद्या गृहिणीस निरोप येतो: ‘तुमच्याविरुद्ध स्वामित्वहक्काची तक्रार आली आहे, चोवीस तासांत खालील दुव्यावर उत्तर न दिल्यास खातें बंद होईल.’ दुवा खोट्या पानावर नेतो, आणि तेथें परवलीचा शब्द लिहितांच खातें जातें. दुसऱ्यास नांवापुढें निळी खूण मिळवून देण्याचें आमिष दाखवितात. तिसऱ्यास मुलाच्या आवाजांत फोन येतो. कारण आवाजाची नक्कलही आतां यंत्रें करूं लागलीं आहेत, आणि नुसता आवाज ओळखीचा आहे एवढ्यावर खूण पटली असें म्हणतां येत नाहीं. आणि ज्यांचें खातें गेलें आहे त्यांस चौथा भेटतो. तो म्हणतो, ‘थोडी फी द्या, मी खातें परत मिळवून देतों.’ हा पहिल्या तोतयाचाच धाकटा भाऊ समजावा. या चौघांच्याही बोलण्यांत दोन गोष्टी हटकून असतात: लौकर करा, आणि दुसऱ्या कोणास विचारूं नका. ‘फोन करूं नये, बोलतां येत नाहीं’ हें वाक्य गुरुजींच्या नांवच्या निरोपांत उगीच आलें नव्हतें. दुसरी वाट बंद करणें हेंच त्याचें काम होतें.

म्हणून उपायही सावकारांचाच. पैशाची मागणी निरोपानें आली तर आपल्या वहींत पूर्वींपासून असलेल्या क्रमांकावर आपण होऊन फोन करावा. तो लागला नाहीं तर त्यांच्या घरच्या दुसऱ्या माणसास करावा. माध्यमाच्या नांवानें धमकी आली तर तिच्यांतील दुव्यास बोट न लावतां आपण स्वतः त्या माध्यमाच्या नेहमींच्या दारानें आंत जाऊन पाहावें. खरी तक्रार असेल तर ती तेथेंही दिसेल. खात्यास दुहेरी पडताळणी लावावी. म्हणजे आलेल्या क्रमांकाखेरीज आपण ठरविलेला दुसरा गुप्त आंकडाही लागतो, आणि एक किल्ली गेली तरी दार उघडत नाहीं. मात्र ही दुसरी किल्लीही कोणास सांगावयाची नसते, हें सांगावें लागतें म्हणून सांगतों. घरांत एखादा शब्द ठरवून ठेवावा. परदेशांतून मुलानें संकट कळविलें तर आधीं तो शब्द विचारावा. पूर्वीं गडाचा दरवाजा रात्रीं परवलीच्या शब्दाखेरीज उघडत नसे. त्यांत किल्लेदाराचें आपल्या माणसांवरील प्रेम कमी होतें असें कोणी म्हटलेलें नाहीं.

परंतु एवढें वाचून कोणी सर्वांवरच अविश्वास ठेवूं लागेल, तर तोही अनर्थच. यासाठीं बंगालमधील भावालच्या संन्याशाची गोष्ट येथें सांगितली पाहिजे. भावाल संस्थानचा मधला कुमार १९०९ सालीं दार्जिलिंगला वारला असें जाहीर झालें. पुढें १९२१ सालीं डाक्क्यास एक जटाधारी संन्यासी आला, आणि तोच कुमार अशी प्रजेची व बहिणीची खात्री पटली. पत्नीनें मात्र त्यास कधींच ओळख दिली नाहीं, आणि सरकारी अधिकाऱ्यांनीं त्यास भोंदू ठरविलें. टिचबोर्न प्रकरण डोळ्यांपुढें असलेल्या सुशिक्षितांस हाही दुसरा खाटीकच वाटला असल्यास नवल नाहीं. दावा १९३० सालीं लागला. हजाराहून अधिक साक्षी झाल्या. अंगावरचा एकेक वण, एकेक तीळ तपासला गेला. आणि १९३६ सालीं न्यायाधीश पन्नालाल बसू यांनीं निकाल दिला कीं, संन्यासी हाच कुमार. हायकोर्टानें १९४० सालीं व प्रिव्ही कौन्सिलानें १९४६ सालीं तोच कायम केला. आणि या अखेरच्या विजयानंतर थोड्याच दिवसांत तो मनुष्य वारला. आपण आपणच आहों हें शाबीत करण्यांत त्याचीं पंचवीस वर्षें गेलीं.

टिचबोर्नच्या आईनें न तपासतां कवटाळलें आणि भावालच्या अधिकाऱ्यांनीं न तपासतां झिडकारलें. दोन्ही चुका एकच आहेत. चोर सोडून संन्याशास फांशी ही म्हण आपल्याकडे आहेच. दारावर आलेला संकटग्रस्त खराही असूं शकतो. रात्रीं दहा वाजतां इस्पितळांतून खरोखर पैसे मागण्याची पाळी कोणावरही येईल. तेव्हां ‘निरोप खोटा दिसतो’ म्हणून मोबाइल उपडा ठेवून देणें ही सावधगिरी नव्हे. तपास करावा, तो लौकर करावा, आणि खरें ठरलें तर धांवून जावें. तपासाची रीत जेथें ठरलेली असते तेथेंच निर्धास्तपणें मदत करतां येते.

कायद्यानेंही या अपराधाची दखल फार पूर्वीं घेतली आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेंत दुसऱ्याचें सोंग घेऊन फसविण्याची व्याख्या ४१६ व्या कलमांत व शिक्षा ४१९ व्या कलमांत होती. ज्याचें सोंग घेतलें तो मनुष्य खरा असो वा कल्पित असो, अपराध तोच, असें तींत स्पष्ट म्हटलें होतें. योगायोगाची गंमत अशी कीं, नायजेरियाच्या दंडविधानांतील फसवणुकीच्या कलमाचाही आंकडा ४१९. आणि तेथून येणाऱ्या खोट्या पत्रांमुळें तो आंकडा जगभर या धंद्याचें नांवच होऊन बसला. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचें ३१९ वें कलम लागू आहे, आणि शिक्षा तीन वर्षांवरून पांच वर्षांपर्यंत वाढली आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यांत २००८ च्या दुरुस्तीनें घातलेलीं ‘६६ सी’ व ‘६६ डी’ हीं कलमें परवलीचा शब्द चोरणें आणि संगणकाच्या साह्यानें तोतयेगिरी करणें यांसाठींच आहेत. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें; कारण चोराच्या खात्यांतून ते पुढें काढले जाण्यापूर्वीं कळलें तर बँकेंत अडवितां येण्याचा संभव असतो. येथें घटका-घटकेचा हिशेब आहे.

पण कायद्याचें काम तक्रार आल्यावर सुरू होतें, आणि तक्रार येत नाहीं याचें कारण कायद्याच्या पुस्तकांत सांपडावयाचें नाहीं. तें आपल्या स्वभावांत आहे. झांकली मूठ सव्वा लाखाची असें म्हणून फसलेला गप्प बसतो, आणि ज्यास शंका आली तो भिडेनें गप्प बसतो. या दोन मौनांच्या मधून तोतया सुखानें चालत जातो. रत्नागिरीचा तोतया जेव्हां कोंकणांतून वर चढत होता, तेव्हां हा भाऊसाहेब नव्हे हें जाणणारीं माणसें त्या मुलखांत अगदींच नसतील असें आम्हांस वाटत नाहीं. तीं बोललीं नसतील एवढेंच.

आम्हीही त्यांतलेच. त्या रात्रीं आम्हांस खूण पटली नव्हती. एक फोन केला असता तर गुरुजींस दहा वाजतांच कळतें. त्यांनीं मुलाकरवीं चार ठिकाणीं कळविलें असतें. आणि तो शिक्षक कदाचित् शेजाऱ्याच्या दारीं गेलाच नसता. भीड भिकेची बहीण म्हणतात. आमच्या भिडेची किंमत दुसऱ्यानें भरली, एवढाच फरक.

मागल्या महिन्यांत आम्ही गुरुजींकडे गेलों आणि हें सारें त्यांस सांगितलें. ते कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, ‘अहो, तुम्ही फोन केला असता तर मला राग आला असता असें तुम्हांस वाटलेंच कसें?’ या प्रश्नास आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. निघतांना त्यांनीं आपला मोबाइल आमच्या पुढें केला आणि नवें खातें काढून द्यावयास सांगितलें. आम्हीं तें काढलें, दुहेरी पडताळणी लावली, आणि गुप्त आंकडा त्यांनीं घालावा म्हणून तोंड फिरवून बसलों. पहिला निरोप त्यांनीं त्या तालुक्याच्या शिक्षकास पाठविला. पांच मिनिटांत फोन वाजला. ‘सर, रागावूं नका,’ पलीकडून आवाज आला, ‘निरोप पाहिला, पण हें खातें नवें दिसलें, म्हणून आधीं खात्री करून घेतों.’ गुरुजी मोठ्यानें हंसले. त्या प्रसंगानंतर त्यांस असें हंसतांना आम्हीं प्रथमच पाहिलें.